अमेरिकन हायस्कूलमध्ये अभिजात साहित्यावर वर्गचर्चा घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेतल्या एका सार्वजनिक हायस्कूलमध्ये अकरावीला इंग्रजी शिकवते. भारतातून इथे शिकवायला आलेले किंवा इथेच राहून पुढे शिक्षकी पेशात शिरलेले मराठी लोक मला जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बहुतेकांची अडचण एकाच जागी असते. आपण ज्या वर्गांत शिकलो तिथे शिक्षक धडा समजावून सांगत आणि आपण संदर्भासहित स्पष्टीकरण लिहीत असू. इथे मुलांनी बोलायचं असतं, आणि ते बोलणं पुस्तकाच्या पानावर टिकवून धरणं हे शिक्षकाचं काम असतं. ते शिकता येतं, आणि शिकण्याजोगं आहे.

अमेरिकन साहित्य बहुधा अकरावीलाच का असतं?

बऱ्याच शाळांत त्याच वर्षी अमेरिकेचा इतिहासही असतो, म्हणून दोन्ही विषय जोडीने चालतात. पण हा काही देशभराचा नियम नाही. कुठलं पुस्तक कोणत्या इयत्तेला, हे राज्य, शालेय जिल्हा (एका भागातल्या सार्वजनिक शाळा चालवणारी यंत्रणा) आणि शाळा ठरवतात. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही अमेरिकन कादंबरी अनेक ठिकाणी नववीलाच होऊन जाते. लक्षात ठेवायचं ते एवढंच की चर्चा हा वरचा, हौसेचा भाग नव्हे. २०१० साली आलेल्या आणि पुढे बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या 'कॉमन कोअर' या सामाईक शैक्षणिक उद्दिष्टांत बोलणं आणि ऐकणं यांचा स्वतंत्र विभाग आहे. ज्या राज्यांनी नंतर आपली वेगळी उद्दिष्टं केली, त्यांनीही तो भाग बहुतांशी ठेवला.

वर्ग कसा बसवायचा? माझ्याकडे तीस मुलं आहेत.

हार्कनेस टेबलाचं नाव तुमच्या कानावर येईल. न्यू हॅम्पशायरमधल्या फिलिप्स एक्सेटर अकॅडमीला एडवर्ड हार्कनेस या दानशूर माणसाने १९३० मध्ये मोठी देणगी दिली आणि तिथे लंबगोल टेबलाभोवती डझनभर मुलं आणि एक शिक्षक, अशी पद्धत रुजली. कल्पना फार सुंदर आहे. पण ती श्रीमंत खाजगी शाळेची आहे; सार्वजनिक शाळेत तीस मुलं त्या टेबलाभोवती बसणार नाहीत.

आपल्याला उपयोगी पडतात ती दोन वर्तुळं, इथे त्याला 'फिशबोल' म्हणतात. आत दहा-बारा जण बोलतात, बाहेरचे ऐकतात. बाहेरच्या प्रत्येकाने आतल्या एकाकडे लक्ष ठेवायचं : त्याने कोणती ओळ दाखवली, कोणाच्या मुद्द्याला उत्तर दिलं, कोणाला बोलायला वाट करून दिली. पंधरा-वीस मिनिटांनी अदलाबदल. पन्नास मिनिटांच्या तासात दोन फेऱ्या कशाबशा होतात, नव्वद मिनिटांच्या ब्लॉकमध्ये निवांत. बाकं हलवायला मुलांना आधीच शिकवून ठेवा, नाहीतर निम्मा वेळ त्यातच जातो.

चांगला प्रश्न म्हणजे नेमका कसा?

माझ्या मते चर्चेचं यश वर्गात ठरत नाही, ते आदल्या रात्री तुम्ही काढलेल्या प्रश्नावर ठरतं. म्हणून इथे जरा थांबते.

फिट्झजेराल्डची 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी घ्या. १९२५ चं पुस्तक, फक्त नऊ प्रकरणं, आणि १ जानेवारी २०२१ पासून स्वामित्वहक्कातून मोकळं झालेलं; त्यामुळे हवी ती पानं मोठा समास सोडून छापून मुलांच्या हातात देता येतात. आता नेहमीचा प्रश्न : 'हिरवा दिवा कशाचं प्रतीक आहे?' याचं उत्तर मुलांना पुस्तक न उघडताही ठाऊक असतं. आशा, स्वप्न, अमेरिकन ड्रीम. एकाने सांगितलं की बाकीच्यांना बोलायला काही उरत नाही.

त्याऐवजी पाचव्या प्रकरणातला तो परिच्छेद काढा. पाच वर्षांनी भेटलेली जुनी प्रेयसी डेझी नायक गॅट्सबीच्या शेजारी उभी आहे, तिचा हात त्याच्या हातात आहे. तिच्या धक्क्याच्या टोकाला रात्रभर हिरवा दिवा जळतो, हे तो तिला सांगतो. आणि निवेदक निकला वाटतं की त्या दिव्याचं अफाट महत्त्व आता कायमचं संपलं असावं, गॅट्सबीच्या भारलेल्या वस्तूंतली एक कमी झाली. आता विचारा : हवी होती ती व्यक्ती शेजारी आली, त्याच क्षणी काहीतरी हरवल्यासारखं का लिहिलंय? आणि हे गॅट्सबीला वाटतंय, की निक त्याच्या वतीने वाटून घेतोय? पहिल्या भागावर वर्ग बोलू लागतो, दुसऱ्यावर मुलं पानं उलटायला लागतात.

खऱ्या प्रश्नाच्या माझ्या तीन कसोट्या आहेत. त्याची किमान दोन उत्तरं पुस्तकातल्या ओळींच्या आधारे देता आली पाहिजेत. कथानकाचा सारांश वाचून तो सुटता कामा नये. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची : तुम्हाला स्वतःला त्याबद्दल कुतूहल असायला हवं. उत्तर शिक्षकाच्या खिशात आहे हे सोळा वर्षांच्या मुलांना लगेच कळतं, आणि मग ती चर्चा करत नाहीत, अंदाज बांधत बसतात.

'तुझं स्वप्न काय?' छापाचे प्रश्न मी चर्चेच्या सुरुवातीला कधीच घेत नाही. मुलं खूप बोलतात, तास छान जातो आणि पुस्तक दप्तरातच राहतं.

प्रश्न विचारला आणि सगळे गप्प. मग?

थांबा. विज्ञानशिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफितींवरून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, एकमेकांना प्रतिसाद देऊ लागतात. तीन सेकंद कागदावर कमी वाटतात, वर्गासमोर उभं राहून फार लांब वाटतात.

त्याहून खात्रीचा मार्ग म्हणजे आधी लिहायला लावणं. चार मिनिटं, हाताने, वहीत. मग शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलणं. मग मोठं वर्तुळ. ज्याच्यापुढे लिहिलेलं वाक्य आहे, त्याला निदान ते वाचून तरी दाखवता येतं.

मुलं बोलत असताना मी काय करायचं?

वर्तुळात बसायचं, उभं राहायचं नाही. वहीत खुणा करायच्या आणि मान खाली ठेवायची, कारण तुम्ही वर बघितलंत की बोलणारं मूल तुमच्याकडेच बघून बोलतं. माझ्या तोंडी फारतर तीन वाक्यं असतात : 'हे तुला कुठे दिसलं?', 'ती ओळ आम्हाला वाचून दाखव', आणि 'याला कोणी वेगळं वाचलंय का?'. पहिली दोन पुष्कळदा एवढं काम करतात की तिसऱ्याची गरजच पडत नाही.

'तुम्हाला काय वाटतं?' असं मुलं विचारतात, आणि त्यांना उत्तर मिळायला हवं. फक्त ते तासाच्या शेवटी द्या, आणि कुठल्या ओळीवरून वाटतं तेही सांगा. तुमचं मत पहिल्या दहा मिनिटांत आलं की पुढे फक्त होकार मिळतात.

वस्तुस्थितीची चूक मात्र तिथल्या तिथे दुरुस्त करा. मतांसाठी थांबायचं, तथ्यांसाठी नाही.

तीन-चार मुलंच बोलतात, बाकीची नाहीत.

एका कागदावर वर्तुळात मुलांची नावं लिहा आणि कोणाच्या बोलण्यावर कोण बोललं, तशा रेघा ओढत जा. दुसऱ्या दिवशी तो कागद काही न बोलता मुलांपुढे ठेवा. ज्यांच्याकडून सगळ्या रेघा निघतात, ती मुलं स्वतःच ओळखतात. पुढच्या वेळी त्यांना वेगळं काम द्या : आज तू फक्त प्रश्न विचारायचे.

गप्प मुलं वेगवेगळ्या कारणांनी गप्प असतात. एखाद्याला विचार करायला वेळ लागतो. एखादी नुकतीच दुसऱ्या देशातून आली आहे आणि वाक्य मनात जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. अशा मुलांना प्रश्न आदल्या दिवशीच द्या. काहींच्या बाबतीत आयईपी किंवा ५०४ प्लॅनमध्ये (विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी शाळेने केलेल्या लेखी योजनांमध्ये) सर्वांसमोर बोलण्याबद्दल सवलत लिहिलेली असते. ती पाळणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून वर्ष सुरू होतानाच ते कागद नीट वाचून ठेवा.

आपल्याकडून आलेल्या मुलांविषयी एक सांगते. मोठ्यांचं बोलणं तोडायचं नाही, शिक्षकांना उलट बोलायचं नाही, या वळणात ती वाढलेली असतात. त्यांच्या गप्प बसण्यामागे आदर असतो. 'असहमत व्हा' म्हणून ती असहमत होत नाहीत. 'या मताच्या विरुद्ध जाणारी एक ओळ शोधून दे' म्हटलं की ती चटकन शोधून देतात.

मुलांनी पुस्तक वाचलेलंच नसतं. शिवाय सारांशाच्या साइट्स आणि आता एआय!

वाचलेलं नाही असं धरूनच तास आखा. मी यात तडजोड मानत नाही. एक पान, वर्गातच, मोठ्याने वाचायचं आणि त्या पानावरच बोलायचं. त्या पानावर काय चाललंय हे सारांशात नसतं. आणि पान आवडलं तर आधीची वाचण्याची इच्छा काहींना होतेच.

नाटकं यासाठी फार चांगली. आर्थर मिलरचं 'द क्रूसिबल' (१९५३) भूमिका वाटून वर्गात वाचता येतं. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावी चेटकाच्या आरोपांवरून एकोणीस जणांना फाशी झाली. मिलरने त्यावरचं हे नाटक मॅकार्थीच्या काळात, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांवर आरोप होत होते तेव्हा, लिहिलं. कागदपत्रांतली आरोप करणारी ॲबिगेल विल्यम्स अकरा-बारा वर्षांची होती आणि फाशी गेलेला जॉन प्रॉक्टर साठीचा. मिलरने तिला सतराची केलं, त्याला तिशीत आणलं आणि दोघांत संबंध असल्याचं दाखवलं. हे सांगून मुलांना विचारा की या बदलाने सेलमच्या गोष्टीतून काय निसटलं. आमच्या वर्गात यावर दोन तास पुरले नाहीत.

'हकलबरी फिन' शिकवू का? त्यातल्या त्या शब्दाचं काय करायचं?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि येणं योग्यच आहे. मार्क ट्वेनच्या या कादंबरीत हक हा गोरा मुलगा आणि जिम हा पळालेला गुलाम तराफ्यावरून नदीने जातात. कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी ती शिवी त्या पुस्तकात दोनशेहून जास्त वेळा येते. भारतातून आलेल्या शिक्षकाला तिचं वजन पुस्तकी ज्ञानाने कळत नाही. ज्या मुलांच्या आजी-आजोबांना ती तोंडावर ऐकावी लागली, ती मुलं तुमच्या वर्गात बसलेली असू शकतात.

माझे नियम असे. पुस्तक सुरू व्हायच्या आधी पालकांना पत्र जातं. पहिला पूर्ण तास त्या शब्दाच्या इतिहासावर. वर्गात मोठ्याने वाचताना तो शब्द कोणीही उच्चारत नाही, मीसुद्धा नाही. छापील पानावर मात्र तो आहे तसा राहतो. जिमची बोली नक्कल करून वाचायला कुणालाही सांगायचं नाही. आणि एखाद्या कृष्णवर्णीय मुलाकडे वळून 'तुम्हाला याबद्दल काय वाटतं?' असं विचारायचं नाही, नजरेनेही नाही. तो सगळ्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून वर्गात आलेला नाही.

२०११ मध्ये एक आवृत्ती निघाली. तिच्यात त्या शब्दाच्या जागी 'गुलाम' असा शब्द घातला होता. तिच्यावर मोठा वाद झाला. तो वाद मुलांपुढे ठेवण्यासारखा आहे. गुलामीतून पळालेल्या, स्वतंत्र होण्यासाठी जिवावर उदार झालेल्या माणसाला पानोपानी 'गुलाम' म्हणणं ही सुधारणा झाली का? मुलं यावर फार गंभीरपणे बोलतात.

आता पुस्तकाचा गाभा. ते अमेरिकेत १८८५ मध्ये आलं, म्हणजे गुलामी कायद्याने संपल्यावर वीस वर्षांनी. पण गोष्ट घडते ती यादवी युद्धाच्या आधी, मिसिसिपी नदीवर. पंधराव्या प्रकरणात हक जिमची थट्टा करतो, जिम दुखावला जातो, आणि त्याची माफी मागायला स्वतःच्या मनाची तयारी करण्यात हकची पंधरा मिनिटं जातात. एकतिसाव्या प्रकरणात तो जिमचा ठावठिकाणा कळवणारं पत्र मिस वॉटसनला लिहितो, पाप धुऊन निघाल्यासारखं त्याला वाटतं, मग तराफ्यावरचा जिम आठवतो आणि तो पत्र फाडून टाकतो. नरकात जायचं तर जाईन, असं ठरवून. इथे माझा प्रश्न असा असतो : गुलामी चूक आहे असं हकला या क्षणी तरी वाटतं का? बहुतेक मुलं आधी 'हो' म्हणतात. मग पुन्हा वाचतात. पुस्तकात तसं कुठेच नाही. त्याला वाटतंय की तो पाप करतोय, आणि तरी करतोय. ज्या समाजाने त्याची सदसद्विवेकबुद्धी घडवली, त्या समाजाबद्दल मग खरं बोलणं सुरू होतं.

शेवटची प्रकरणं टाळू नका. मिस वॉटसनने मृत्युपत्रात जिमला आधीच मुक्त केलं आहे, टॉम सॉयरला ते माहीत आहे, आणि तरी खेळ म्हणून तो जिमला कोंडलेलाच ठेवतो. काही मुलं इथे लेखकावर चिडतात. चिडू द्या. अभिजात पुस्तकाचा बचाव करायला आपल्याला नेमलेलं नाही.

पण एक अट : हे पुस्तक एकटं शिकवू नका. गुलामीबद्दल एका गोऱ्या मुलाच्या तोंडून ऐकण्याआधी मुलांनी फ्रेडरिक डग्लस, म्हणजे स्वतः गुलामीतून निसटलेला लेखक, वाचलेला असावा.

डग्लसमधलं नेमकं काय घेऊ?

१८४५ च्या आत्मकथनातली सहावं आणि सातवं ही दोन छोटी प्रकरणं. बॉल्टिमोरमधली मालकीण त्याला मुळाक्षरं शिकवू लागते, मालक तिला थांबवतो : वाचायला शिकला तर तो गुलाम म्हणून कामाचा राहणार नाही. ते ऐकून लहानग्या फ्रेडरिकला कळतं की सुटकेचा रस्ता कुठून जातो. पुढे तो रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देतो आणि बदल्यात त्यांच्याकडून वाचणं शिकतो. त्या मुलांची नावं तो पुस्तकात देत नाही. का देत नाही, याचं कारण तो तिथेच सांगतो, तेवढ्या एका वाक्यावर वर्ग पंचवीस मिनिटं सहज बोलतो. थोड्या पुढे तो म्हणतो की वाचता येणं हा कधीकधी शाप वाटायचा. हे वाक्य आणि आधीचा आनंद एकाच माणसाचे कसे, हा माझा आवडता प्रश्न.

आपल्याकडचे संदर्भ इथल्या वर्गात आणावेत का?

खरा दुवा असेल तिथे जरूर, ओढूनताणून नको. डग्लसनंतर मी जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची अर्पणपत्रिका दाखवते. १८७३ साली पुण्यातला एक माणूस आपलं पुस्तक अमेरिकेतल्या सद्गृहस्थांना अर्पण करतो, कारण त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झीज सोसली. आणि आपल्या देशबांधवांनी त्यांच्यापासून धडा घ्यावा अशी आशा धरतो. अमेरिकन मुलांना हे अगदी नवं असतं. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच येतो : त्याला आमच्याबद्दल कसं कळलं? दुसरा, चांगला प्रश्न मी विचारते : १८७३ नंतर इथे कृष्णवर्णीयांच्या वाट्याला जे आलं ते त्याला कळलं असतं तर त्याने हीच अर्पणपत्रिका ठेवली असती का? जात आणि वंश यांच्यामध्ये बरोबरीचं चिन्ह मात्र काढू नका. दोन्हींचं दुःख वेगळ्या रचनेचं आहे आणि मुलांना ते वेगळेपण दिसायला हवं.

पहिल्याच आठवड्यात काय घेतलं तर जमेल?

एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सन हिची कविता. आठ-दहा मिनिटांत वाचून होते, कुणी वाचली नाही अशी तक्रारच उरत नाही. मृत्यू घोडागाडी घेऊन येतो ती कविता तिच्या हयातीत छापली गेली नाही. १८८६ मध्ये ती गेली आणि १८९० च्या संग्रहात संपादकांनी कवितेला शीर्षक दिलं, तिच्या आडव्या रेघा काढून टाकल्या आणि चौथं कडवं गाळलं. त्या कडव्यात दव पडून गारठा येतो, आणि बोलणारीच्या अंगावर अगदी विरळ, तलम कपडे असतात. मूळ कविता आणि संपादकांनी बदललेली, दोन्ही शेजारीशेजारी छापून द्या आणि विचारा : ते कडवं काढल्यावर प्रवास कसा झाला? नवख्या शिक्षकालाही ही चर्चा सांभाळता येते, कारण पुरावा डोळ्यांसमोर असतो.

पालकांनी पुस्तकावर आक्षेप घेतला तर?

एकट्याने ईमेलवर वाद घालू नका. विभागप्रमुखांना लगेच कळवा. शालेय जिल्ह्याची लेखी पद्धत असते, अर्ज असतो, आणि काही राज्यांत याबाबत कायदेही झाले आहेत. ते तुमच्या राज्यात काय म्हणतात हे वर्षाच्या आरंभीच विचारून घ्या. पालकांचं म्हणणं मात्र पूर्ण ऐका. पुष्कळदा त्यांना पुस्तक नको असतं असं नाही, ते कसं शिकवलं जाणार याची काळजी असते.

गुण कसे द्यायचे?

किती वेळा तोंड उघडलं यावर नको. मी पाहते ते असं : ओळ दाखवून बोललं का, दुसऱ्याचं ऐकून त्याला धरून बोललं का, आणि चर्चेनंतर लिहिलेल्या परिच्छेदात विचार पुढे सरकला का. या परिच्छेदाचा प्रश्न मी वर्षभर एकच ठेवते : कोणाच्या बोलण्याने तू एखादी ओळ वेगळी वाचलीस, आणि कोणती? वर्गात गप्प राहिलेलं मूल इथे पूर्ण गुण मिळवू शकतं, आणि अनेकदा मिळवतं.

माझे उच्चार भारतीय आहेत. मुलं हसतील का?

पहिले काही दिवस त्यांचे कान सरावायला लागतात, एवढंच. अवघड नावांचे उच्चार आधी ऐकून ठेवा. मिसिसिपीकाठच्या बोलीसाठी चांगलं ऑडिओबुक लावा. आणि हेही ध्यानात घ्या की चर्चेच्या तासात तुम्ही तीन वाक्यंच बोलणार आहात. बाकी बोलायचं त्यांनी आहे.